मोरफुलाचा पाठ

वनस्पतिशास्त्राच्या जुन्या युरोपीय ग्रंथांतील हाताने रंगविलेल्या चित्रांकडे पाहण्याच्या दोन रीती रूढ आहेत. रसिक त्यांच्याकडे शोभेच्या दृष्टीने पाहतो, वनस्पतिशास्त्रज्ञ अचूकतेच्या दृष्टीने. पहिल्याला रंगांचा ताजेपणा मोहवितो. दुसरा पाकळ्या आणि पुंकेसर मोजतो. साहित्याच्या अभ्यासकाने या चित्रांच्या वाटेला जावे असे वरकरणी काही कारण दिसत नाही. तरीही गेली काही वर्षे माझे मन त्यांत गुंतले आहे, आणि ते एका वेगळ्याच कारणाने. ही चित्रे मला हस्तलिखितांसारखी वाटतात. त्यांना संहिता आहे, पाठभेद आहेत, लेखनिकाचे प्रमाद आहेत, उत्तरकालीन प्रक्षेप आहेत. आणि ज्यांची नावे कोठेच नोंदलेली नाहीत अशा हातांची एक दीर्घ परंपराही आहे. वाचायला शिकलेल्या माणसाने ती वाचावीत, एवढाच माझा अधिकार.

या चित्रांची घडण कशी होत असे ते आधी पाहू. चित्रकार मूळ चित्र कागदावर किंवा चर्मपत्रावर काढी. कोरणारा कारागीर ते तांब्याच्या पत्र्यावर उतरवी. काही रेषा टोकदार कोरणीने खोदी, काही आम्लाकडून खाववी. पत्र्यावर शाई चोळून पृष्ठभाग पुसून घेतला की शाई केवळ खाचांत उरे. मग ओलसर कागद त्यावर अंथरून दोन रुळांच्या दाबाखालून काढला की ती खाचांतली शाई कागदावर उमटे. येथवर काम यंत्राचे. निघणारी प्रत्येक प्रत जवळजवळ सारखी, पण काळी-पांढरी. रंग त्यानंतर येई आणि तो हातानेच येई: समोर नमुन्याची एक रंगीत प्रत ठेवून, डिंकात कालवलेल्या जलरंगांनी, एकेक पान. शंभर प्रती म्हणजे तीच पाकळी शंभर वेळा रंगविणे. ही रीत फार काळ टिकली. १७८७ साली लंडनमध्ये विल्यम कर्टिस यांनी सुरू केलेल्या ‘बोटॅनिकल मॅगझिन’ या नियतकालिकातील चित्रे १९४८ सालापर्यंत अशीच हाताने रंगविली जात होती.

‘ताम्रपट’ हा शब्द उच्चारला की आपल्याला राजाचे दानपत्र आठवते. चंद्रसूर्य असेतो टिकावे म्हणून तांब्यावर कोरलेले, आणि म्हणून एकमेव. चित्रांचा ताम्रपट मात्र प्रती काढण्यासाठीच जन्माला येतो आणि प्रत्येक प्रतीबरोबर थोडा झिजतो. उशिरा निघालेल्या प्रतींतील रेषा फिकट असतात. रंगविणाऱ्याचा हात त्या फिकटपणावर पांघरूण घालतो. म्हणजे छापील पुस्तकाची एकरूपता आणि हस्तलिखिताची अनेकरूपता या दोहोंच्या सीमेवर हे चित्र उभे असते. रेषा मुद्रित, रंग लिखित.

याचे परिणाम दूरवर जातात. एकाच ग्रंथाच्या दोन रंगीत प्रती शेजारी ठेवल्या तर एकीतले फूल शेंदरी आणि दुसरीतले गुलाबी असू शकते. त्यात काळाची भर पडते. निळ्यात वनस्पतिजन्य पिवळा मिसळून केलेला हिरवा रंग घ्या. पिवळा उडून जातो, निळा तेवढा मागे राहतो, आणि तीनशे वर्षांपूर्वीची हिरवी पाने आज निळसर दिसतात. तांब्याच्या गंजापासून केलेला हिरवा रंग कागदच पोखरतो. शिसे असलेला पांढरा काळवंडतो. भांडारकर संस्थेने १९१९ साली हाती घेतलेले आणि १९६६ साली तडीस गेलेले महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे कार्य ज्यांना परिचित आहे, त्यांना येथे घरच्यासारखे वाटेल. कोणती प्रत जुनी, कोणती विश्वसनीय, कोणता भेद मूळचा आणि कोणता लेखनिकाचा, हेच प्रश्न येथेही उभे राहतात. फरक इतकाच की येथे अक्षरांच्या जागी रंग आहेत.

ज्या ग्रंथाने मला या विषयाकडे खेचले त्याचे नाव ‘मेटामॉर्फोसिस इन्सेक्टोरम सुरिनामेन्सियम’; सुरिनाममधील कीटकांची रूपांतरे. तो १७०५ साली ॲम्स्टरडॅममध्ये प्रसिद्ध झाला. कर्ती मारिया सिबिला मेरियन. तिचा जन्म १६४७ साली फ्रांकफुर्ट येथे झाला. वडील माथ्थेउस मेरियन नामांकित ताम्रकोरक आणि प्रकाशक. ते ती तीन वर्षांची असतानाच वारले. सावत्र वडील याकोब मारेल फुलांचे चित्रकार. तांबे, शाई आणि रंग या तिघांच्या सहवासात ती वाढली. तेराव्या वर्षापासून तिला सुरवंटांचा छंद लागला. कोणता सुरवंट कोणते पान खातो, केव्हा कोश विणतो, त्यातून काय बाहेर पडते, हे ती स्वतः पाळून पाहू लागली. १६७९ साली तिचे सुरवंटांवरील पहिले पुस्तक निघाले. पुढे पतीला सोडून ती दोन मुली आणि वृद्ध आई यांच्यासह फ्रीसलंडमधील लाबादी पंथीयांच्या वसाहतीत राहिली, आणि १६९१ मध्ये ॲम्स्टरडॅमला आली. १६९९ साली, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, आपली चित्रे विकून पैसा उभा करून ती धाकटी मुलगी डोरोथेआ मारिया हिला घेऊन दक्षिण अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरील डच वसाहतीत, सुरिनाममध्ये, गेली. कोणा राजाने किंवा संस्थेने तिला धाडले नव्हते. १७०१ मध्ये आजारी पडून ती परतली, आणि चार वर्षांनी साठ चित्रफलकांचा हा ग्रंथ तिने स्वतःच्या खर्चाने काढला.

ग्रंथ डच आणि लॅटिन अशा दोन भाषांत निघाला. तीन पट तिने स्वतः कोरले; उरलेले मुल्डर, स्लाउटर यांसारख्या कसबी कोरकांनी. घेणाऱ्याला तो काळा-पांढरा घेता येई किंवा अधिक मोल देऊन रंगीत. काही निवडक प्रतींसाठी मेरियनने एक निराळी युक्ती वापरली. नुकत्याच छापलेल्या, ओल्या शाईच्या पानावर दुसरा कोरा कागद दाबून ती त्याचा उलटा ठसा घेई. त्यातील रेषा इतक्या कोमल उमटत की रंग भरल्यावर छापील चित्र हातचे मूळ चित्र भासावे. मूळ आणि प्रत यांतील अंतर आपण मानतो तेवढे सरळ नसते, याचा यापेक्षा चांगला दाखला मला ठाऊक नाही. आणि प्रतीवरून मूळ जोखण्याचे धोकेही याच ग्रंथाच्या वाट्याला आले. १७१७ साली मेरियन वारली. १७१९ मध्ये बारा चित्रांची भर घालून नवी आवृत्ती निघाली, पुढे आणखी निघाल्या. १८३४ साली लॅन्सडाउन गिल्डिंग नावाच्या पाद्री निसर्गाभ्यासकाने तिच्या ग्रंथावर कठोर टीका केली. तो स्वतः सुरिनामला कधी गेला नव्हता, आणि त्याच्या हाती होती ती मरणोत्तर आवृत्तीची प्रत. दुसऱ्याच्या कुंचल्याचे दोष त्याने तिच्या डोळ्यांच्या पदरी बांधले. भ्रष्ट पाठावरून कवीची परीक्षा करणारे टीकाकार आपल्याकडेही थोडे झाले नाहीत.

या साठ चित्रांपैकी पंचेचाळिसाव्यापाशी मी थांबले आहे. त्यात ‘फ्लोस पाव्होनिस’ म्हणजे मोरफूल या झुडपाची एक फांदी आहे. पाच पाकळ्या, कडांना चुण्या पडलेल्या. मध्ये तांबडा-नारिंगी, काठाशी पिवळा. आणि फुलाच्या बाहेर लांबवर झेपावणारे तांबडे केसर. फांदीच्या संगतीने एका मोठ्या पतंगाच्या अवस्था आहेत: सुरवंट, कोश, पंख पसरलेला पतंग. मेरियनच्या आधीच्या ग्रंथांत वनस्पती एका पानावर आणि कीटक दुसऱ्या पानावर, असा वर्णाश्रम पाळला जाई. तिने एक जीव दुसऱ्यावर जगताना दाखविला. खाल्लेली पाने तिने खाल्लेलीच काढली.

चित्रासमोरच्या पानावर तिचा मजकूर आहे, थोडक्या ओळींचा. झुडूप नऊ फूट उंच वाढते, फुले पिवळी आणि तांबडी असतात, बियांचा उपयोग बाळंतपणात होतो, असे ती सांगते. मग त्याच शांत स्वरात ती पुढचे सांगते. डच मालकांच्या हाताखाली हाल सोसणाऱ्या तेथल्या मूळ रहिवासी स्त्रिया, ज्यांना युरोपीय लोक ‘इंडियन’ म्हणत, या बियांनी गर्भ पाडतात. आपल्यासारखे गुलामाचे जिणे आपल्या मुलांच्या कपाळी येऊ नये म्हणून. गिनी आणि अंगोला येथून आणलेल्या काळ्या गुलामांना दयेने वागविले नाही तर या स्थितीत त्या मुले होऊच देत नाहीत. नित्याच्या छळाने कित्येकजणी स्वतःचाही अंत करून घेतात, कारण आपण आपल्या देशात, आपल्या माणसांत, मुक्त स्थितीत पुन्हा जन्मू असा त्यांचा विश्वास असतो. आणि हे आपल्याला त्यांनी स्वतः सांगितले, असे मेरियन शेवटी नोंदविते. पान संपते. पुढच्या पानावर पुढचे चित्र.

हा मजकूर प्रथम वाचला तेव्हा मी पुन्हा चित्राकडे पाहिले. चित्र तेच होते. माझ्या लेखी त्यातले एकही पान आता पूर्वीच्या जागी नव्हते. फुलाच्या अंगी काही बदलले नव्हते, आणि तरी ते शोभेचे फूल उरले नव्हते. साहित्यशास्त्रात आपण शब्द आणि अर्थ यांच्या सहितत्वाची चर्चा करतो. येथे चित्र आणि शब्द यांचे सहितत्व आहे, आणि ते सुटले तर दोन्ही पांगळी होतात. नुसते चित्र म्हणजे एक सुंदर फांदी. नुसता मजकूर म्हणजे वसाहतीच्या इतिहासातील एक साक्ष. दोन्ही समोरासमोर असली तरच कळते की ज्या फुलाला युरोपने नवल म्हणून पाहिले, ते त्याच्या मायभूमीत काही स्त्रियांच्या हातातील शेवटचा नकार होते.

मेरियनला मी संत ठरवू इच्छीत नाही. जंगलात वाट काढण्यासाठी तिच्यापुढे कुऱ्हाडी घेऊन चालणारे गुलाम होते, हे तिनेच लिहून ठेवले आहे. परतताना तिच्यासोबत जहाजावर एक मूळ रहिवासी स्त्री होती. तिचे नाव ग्रंथात नाही. साखरेखेरीज दुसरे काही सुचत नाही म्हणून ती मळेवाल्यांवर रागावली, पण मळ्यांची व्यवस्था तिने वापरलीच. असे असूनही, त्या व्यवस्थेत वावरणाऱ्या कितीएक विद्वान पुरुषांना जे कोणी सांगितले नाही किंवा ज्यांनी ते ऐकले नाही, ते तिला सांगितले गेले आणि तिने लिहिले. बाळंतपण आणि गर्भपात या गोष्टी बायका बायकांशीच बोलत असतील, हे त्याचे एक साधे कारण असावे. नॅटली झेमन डेव्हिस यांनी १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘विमेन ऑन द मार्जिन्स’ या ग्रंथात मेरियनचे जे चरित्र रेखाटले आहे, त्यातून तिचे हे दोन्ही बाजूंना पाय असलेले जीवन नीट समजते.

सांगणाऱ्या स्त्रियांची नावे मात्र नाहीत, आणि हे मला अधिक टोचते ते दुसऱ्या एका ग्रंथाच्या शेजारी ठेवल्यावर. मेरियनच्या थोडे आधी, १६७८ ते १६९३ या काळात, त्याच ॲम्स्टरडॅममध्ये ‘हॉर्टुस मालाबारिकुस’ या महाग्रंथाचे बारा खंड निघाले. कोचीनचा डच गव्हर्नर हेंड्रिक व्हान रेडे याने मलबारच्या वनस्पतींवर तो करविला. चित्रे सातशेहून अधिक. त्या ग्रंथाच्या आरंभी इट्टी अच्युतन या मलयाळी वैद्याचे आणि रंगभट, विनायक पंडित, अप्पुभट या तीन कोंकणी ब्राह्मण वैद्यांचे दाखले छापलेले आहेत. तिघांचा दाखला १६७५ सालचा, नागरी अक्षरांत, त्यांच्या कोंकणी भाषेत. परक्यांच्या ग्रंथात आपल्या लिपीत आपली नावे उमटविणारे हे तीन वैद्य आपल्या मराठी-कोंकणी वाचकाला जवळचे वाटावेत. तेही परकीय सत्तेच्या सेवेत होते, परंतु त्यांच्या ज्ञानाला नाव होते, पुरुषाचे आणि पंडिताचे. सुरिनामच्या मजकुरात ‘त्यांनी मला सांगितले’ एवढेच सर्वनाम उरते. ज्ञानाच्या इतिहासात कोणाला नाम मिळते आणि कोणाची सर्वनामावर बोळवण होते, हा व्याकरणाचा प्रश्न नाही.

योगायोग असा की ‘हॉर्टुस’च्या १६८६ साली निघालेल्या सहाव्या खंडाचे पहिलेच चित्र याच झुडपाचे आहे. तेथे त्याचे नाव ‘चेट्टी-मंदारु’. म्हणजे अमेरिकेतून आलेले हे झुडूप मेरियन जहाजावर चढण्याआधीच मलबारात रुजले होते, आणि एवढेच नव्हे, तर स्वर्गातील पाच वृक्षांपैकी एकाचे नावही त्याने मिळविले होते. युरोपने ज्याला ‘एक्झॉटिक’ म्हटले ते आपल्याकडे तोवर अंगणात आले होते. हा शब्द मराठीत आणायला गेले तर मोठी पंचाईत होते. विदेशी, परका, अपूर्व, नवलाचा: यांतील प्रत्येक शब्द त्याचा एकेक कोपरा धरतो. पण त्या शब्दातील पाहणाऱ्याची खुर्ची कोठे मांडलेली आहे, हे कोणताच सांगत नाही.

नावांची गोष्ट येथे संपत नाही. एका संध्याकाळी विद्यापीठातील निरनिराळ्या भाषांचे आम्ही काही अध्यापक चहाला बसलो असता मी या झुडपाची चौकशी केली. तमिळच्या प्राध्यापकांनी तत्काळ सांगितले, मयिल-कोन्रै, मोराचा बहावा. बंगाली बाई म्हणाल्या, राधाचूडा. आणि त्याच्या थोरल्या भावाला, आपल्या गुलमोहराला, त्या कृष्णचूडा म्हणतात. मलयाळममध्ये आज ते राजमल्ली आहे. हिंदीत गुलेतुर्रा, म्हणजे तुऱ्याचे फूल. युरोपातील जुन्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्याला ‘क्रिस्टा पाव्होनिस’, मोराचा तुरा, असे म्हटले होते. तमिळने मोर घेतला, फारसी वळणाच्या हिंदीने तुरा घेतला, आणि लॅटिनने दोन्ही घेतले. यांत कोणी कोणाकडून उसने घेतले याचा शोध घेण्यापेक्षा, एकाच फुलाकडे पाहून निरनिराळ्या भाषांना तीच उपमा सुचू शकते, हे मला अधिक मोलाचे वाटते. तुलनाकाराला प्रभाव शोधण्याची सवय असते. साम्य निव्वळ पाहण्यातूनही जन्मते.

मराठीत या झुडपाला शंकासूर म्हणतात. कोंकणच्या दशावतारी खेळांत आरंभीच रंगमंचावर येणारा शंकासुर सर्वांना आठवेल. वेद पळविणारा आणि अखेर विष्णूच्या हातून मारला जाणारा. झुडपाच्या नावाचा त्या पात्राशी व्युत्पत्तीचा संबंध लावण्याचा माझा हेतू नाही. पण ज्ञान पळविणाऱ्याचे नाव या फुलाला आपल्या भाषेत मिळावे, हे वाचताना मनात आल्यावाचून राहत नाही, कारण या फुलाच्या संदर्भात जे पळविले गेले आणि जे सागराच्या तळाशीच राहिले, त्यांचा हिशेब फार विलक्षण आहे. शास्त्रीय नामकरणात तुर्नफोरने या झुडपाला फ्रेंच वेस्ट इंडीजचा गव्हर्नर द प्वान्सी याचे नाव दिले: पॉइन्सियाना. लिनियसने १७५३ साली ते मान्य केले आणि वसतिस्थान म्हणून ‘इंडीज’चे अनेकवचन लिहिले, ज्यात सुरिनामही बसते आणि मलबारही. १७९१ पासून ते चेसाल्पिनो या इटालियन वैद्याच्या नावाने सीझाल्पिनिया म्हणून ओळखले जाते. गव्हर्नर आला, वैद्य आला. ज्यांनी त्या बिया ओळखल्या त्या कोणत्याच नावात आल्या नाहीत.

लोंडा शीबिंगर यांनी २००४ सालच्या ‘प्लान्ट्स अँड एम्पायर’ या ग्रंथात याच फुलाचा प्रवास अभ्यासिला आहे. त्यांचे प्रतिपादन थोडक्यात असे की, झुडूप युरोपच्या उद्यानांत पोचले, त्याचे चित्र पोचले, पण गर्भपाताच्या उपयोगाचे ज्ञान युरोपच्या औषधिशास्त्रात शिरले नाही. कोणी बंदी घातली नव्हती; ते घेण्यासारखे कोणाला वाटले नाही. साम्राज्याला प्रजा हवी होती, मळ्यांना मजूर हवे होते. अज्ञानालाही इतिहास असतो आणि तेही घडविले जाते, हा शीबिंगर यांचा मुद्दा साहित्याच्या इतिहासकारांनीही मनावर घ्यावा असा आहे. कोणते ग्रंथ भाषांतरित झाले याच्या याद्या आपण करतो. भाषांतरित ग्रंथातून कोणती पाने गळाली याच्या याद्या आपण क्वचितच करतो.

पाने गळण्याची क्रिया आजही चालू आहे, आणि ती शब्दशः. जुन्या चित्रग्रंथांचे व्यापारी पुष्कळदा ग्रंथ उसवतात. अखंड ग्रंथाचे गिऱ्हाईक एखादे. सुट्या चित्रांची शेकडो. चित्रे चौकटीत जातात, मजकुराच्या पानांना मोल नसते. ज्या अतिथिगृहात माझे सध्या वास्तव्य आहे, त्याच्या भोजनगृहातही एक जुने वनस्पतिचित्र आहे, अर्थात आधुनिक छपाईतील, हेच मोरफूल. खाली केवळ लॅटिन नाव. समोर बसून आम्ही न्याहारी करतो. एका पाहुण्यांनी त्याची फार तारीफ केली. भिंतीला शोभते म्हणाले, आणि ते खरेही होते. आता संगणकाच्या पडद्यावर हा ग्रंथ कोणालाही उलगडता येतो, हा मोठाच लाभ. पण तेथेही एखाद्या ग्रंथालयातील एकच प्रत पुनःपुन्हा उतरवली जाते, आणि एका अनामिक हाताचा, एका विशिष्ट तऱ्हेने विटलेला रंग हळूहळू त्या फुलाचा प्रमाण रंग होऊन बसतो. पाठभेद मिटतात, आणि मिटल्याचे कोणाला कळतही नाही.

सुरिनाम आपल्याला फार दूरचे वाटत असेल, तर तेही तपासून पाहावे. तेथील गुलामगिरी १८६३ साली कायद्याने संपली. तरी मुक्त झालेल्यांवर आणखी दहा वर्षे मळ्यांत करारावर राबण्याची सक्ती होती. ती १८७३ मध्ये संपली आणि त्याच वर्षी कलकत्त्याहून निघालेले ‘लाला रूख’ हे जहाज पहिल्या भारतीय गिरमिट्यांना घेऊन सुरिनामला लागले. १९१६ पर्यंत सुमारे ३४ हजार भारतीय तेथे गेले. बहुतेक भोजपुरी आणि अवधी बोलणारे. त्यांच्या बोलींतून सरनामी ही भाषा घडली, आणि त्या भाषेत आज साहित्य आहे. पंचेचाळिसाव्या पानावरील स्त्रियांनी ज्या शेतांसाठी मुले देण्याचे नाकारले, त्याच भूमीवर दीडशे-पावणेदोनशे वर्षांनी आपली माणसे उभी राहिली. भारतीय साहित्याच्या अभ्यासकाला हे पान आपल्याच ग्रंथसंग्रहातील वाटावे, इतके ते जवळ आहे.

या मजकुराचे मराठी भाषांतर मी विद्यार्थ्यांसाठी करीत आहे. ओळी थोड्या, वाक्यरचना सोपी. तरी एका जागी काम अडले आहे. आपल्या देशात, आपल्या माणसांत, मुक्त होऊन पुन्हा जन्म घेण्याचा जो विश्वास मेरियनने नोंदविला, त्यासाठी मराठीत हाताशी असलेला शब्द पुनर्जन्म. तो लिहिला की वाक्य क्षणात आपले होते, आणि तेथेच घोटाळा होतो. आपल्या परंपरेत पुनर्जन्म हा फेरा आहे. ज्यातून सुटायचे ते बंधन. त्या स्त्रियांसाठी तोच मुक्तीचा मार्ग होता. आपल्याकडे मुक्ती जन्म संपण्यात. त्यांच्याकडे योग्य ठिकाणी जन्म होण्यात. कर्म, पाप, चौऱ्यायशी लक्ष योनी यांचा सारा रंग त्या एका शब्दाबरोबर पाकळीत उतरतो. दुसरा मोह ‘माहेर’ या शब्दाचा. सासुरवासिनीच्या ओव्यांवर पोसलेल्या मराठी कानाला तो क्षणात भिडेल. पण जहाजाच्या तळघरातून साखळदंडांत आणलेली स्त्री ही सासुरवाशीण नव्हे. तो शब्द तिचे दुःख सोसण्याजोगे करून टाकील.

त्या घटकेला मला ॲम्स्टरडॅममधील तो अनामिक रंगविणारा हात फार जवळचा वाटला. सुरिनाम न पाहिलेला. हे झुडूप त्याच्या मातीत कधी न पाहिलेला. समोर एक नमुना, कुंचल्यात ओळखीचा तांबडा. परक्या फुलात ओळखीचा रंग भरणे हा त्याचा अपराध म्हणता येणार नाही. त्याच्यापाशी तोच होता. पण एखादा सावध हात एखादी जागा कोरी सोडीत असेल, नमुन्याकडे पुन्हा पाहत असेल, रंग पातळ करीत असेल, अशी कल्पना करावीशी वाटते. तूर्त मी ‘पुन्हा जन्माला येऊ’ असे साधे क्रियापद ठेवले आहे. त्यात तत्त्वज्ञान कमी आहे आणि माणूस अधिक आहे. वर्गात मी आधी समोरचे पान वाचून दाखवीन आणि चित्र नंतर उघडीन. फुलाचा रंग मग प्रत्येकाने आपल्या डोळ्यांनी पाहावा.